भंडारा न उचललेला माणूस

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी आणि अशोक दरेकर दोघेही सुट्टीवर होतो. मी शेळगावचा, तो कऱ्हाटीचा. एकाच दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत आलो, त्यामुळे सुट्टीही शक्यतो एकत्रच काढायचो. बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरलो की आमच्या वाटा फुटायच्या. तो पश्चिमेकडची गाडी धरायचा, मी इंदापूरच्या बाजूची. या वेळी उलटं झालं. दोन्हीकडच्या गाड्यांनी आम्हाला आणून स्टँडवर सोडलं आणि आम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलो. सुट्टीचे आठ दिवस बुडाले होते. पुढे ट्रेनिंग आणि त्यानंतर तीन महिने ग्लेशियर, अशी ऑर्डर होती.

आई मला सोडायला आली होती. तिने माझ्या हातावर जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी ठेवली. हळदीत बेलाचं एक वाळलेलं पान होतं. तशीच दुसरी पुडी तिने अशोकपुढे धरली. अशोक देव मानत नाही हे तिला माहीत नव्हतं. तो वाकून तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, माझी बी ह्याच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. ह्यालाच जास्त लागंल." आई हसली. दोन्ही पुड्या माझ्या खिशात गेल्या.

तुमच्या मनात देव आहे की नाही, हे फौजेत कोणी उकरून विचारत नाही. रविवारी मंदिर परेड असते, तिला हजर राहायचं. अशोक हजर असायचा. बूट बाहेर सरळ रांगेत लावायचा, मागच्या ओळीत ताठ बसायचा, प्रसादाचा शिरा दोनदा घ्यायचा. परेड आहे म्हणून येतो, असं तोंडावर सांगायचा. मला ते खुपायचं. मी दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस, आणि त्याची मला थोडी घमेंडही होती. देवाधर्माचा धाक नसला की माणूस मोकाट सुटतो, असं घरीदारी ऐकत मोठा झालो होतो. पण अशोक काही मोकाट सुटत नव्हता. त्याची ड्युटी तो कधी दुसऱ्यावर ढकलायचा नाही. पाळी बदलायला नेहमी पाच मिनिटं आधी यायचा, आणि हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

एकदा मी त्याला डिवचलं. "देव न्हाय म्हंतोस, मग खरं बोलतोस ते कुणाला भिऊन?"

तो रायफल साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "खरं बोलायला भ्यावं कशाला लागतंय?"

मी हसण्यावारी नेलं. बोलायला सोपं आहे, असं मनात म्हणालो.

पोस्टवर आम्ही सहा जण होतो. पोस्ट कमांडर नायब सुभेदार मोहिते, साताऱ्याकडचे. मी नायक, अशोक लान्स नायक आणि तीन शिपाई. बर्फात रोवलेली फायबरची एक झोपडी, मध्ये केरोसिनची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, बाहेर पांढरं. हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधून माणूस दमून बसायचा. तिथे झोप आणि जाग यांच्यामध्ये नीट कुंपण नसतं. माझी बहीण डाळजला दिलेली आहे. तिच्या घरामागे उजनीचं पाणी पसरतं आणि हिवाळ्यात त्यात रोहित पक्षी उतरतात. मला रोज तेच दिसायचं. जाग आल्यावरही त्या पक्ष्यांचा गुलाबी रंग समोरच्या बर्फावर थोडा वेळ तसाच राहायचा. मग कळायचं की ऊन आलंय. एका शिपायाला दिवसभर मोटारीचा आवाज ऐकू यायचा, विहिरीवर पंप चालू असल्यासारखा. त्याला कोणी हसलं नाही. अशोकने फक्त विचारलं, "किती एचपीची हाय रं?" आणि त्या पोराने गंभीरपणे सांगितलं, पाचची.

पोस्टचा खालच्या हेडक्वार्टरशी संबंध फक्त रेडिओ सेटवर. थंडीने बॅटरी मरते. म्हणून जादा बॅटरी रात्री एकाने स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी घेऊन झोपायची, असा तिथला रिवाज. तिला आम्ही लेकरू म्हणायचो. आज लेकरू कुणाकडं, असं रोज संध्याकाळी मोहिते साहेब विचारायचे आणि ज्याची पाळी असेल तो हात वर करायचा. पाळी कागदावर नव्हती. तोंडीच चालायची.

त्या रात्री लेकरू माझ्याकडे होतं. बॅटरीचा कोपरा बरगडीत टोचत होता. पाच मिनिटं बाजूला ठेवू म्हणून मी ती बॅगबाहेर भिंतीच्या कडेला ठेवली आणि मला झोप लागली. पहाटे बघितलं तर तिच्यावर बर्फाची साय धरली होती. कोणी उठायच्या आत मी ती उचलली आणि सगळ्यांच्या मधोमध असलेल्या रेशनच्या खोक्यावर नेऊन ठेवली. हे करताना मी काही विचार केला नव्हता. हात आपोआप गेले, एवढंच सांगता येईल.

०६०० वाजता खाली सिट-रेप, म्हणजे पोस्टचा रोजचा अहवाल, द्यायचा होता. सेटमधली बॅटरी दोन शब्द बोलून बंद पडली. साहेब म्हणाले, लेकरू आणा. लेकरू दगड झालं होतं. बुखारीजवळ धरलं, चोळलं, काही उपयोग झाला नाही. पोस्ट मुकी आणि बहिरी झाली. खालून हिमस्खलनाचा इशारा आला असता तरी आम्हाला कळला नसता.

साहेबांनी विचारलं, काल लेकरू कुणाकडं हुतं? त्या हवेत कालचं आज नीट आठवत नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात दिवस मोजत होता. पंप ऐकू येणारा शिपाई तर घाबरून म्हणाला, साहेब, माझ्याकडं असंल का? मला आठवत न्हाय. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी बोललो, पण भलतंच बोललो. मी म्हणालो, "साहेब, माझ्यापाशी भंडारा हाय."

आमच्याकडे हा शेवटचा निवाडा असतो. बेल आणि भंडारा हातात घेऊन जो बोलेल तो खरा. जो उचलायला कचरेल तो खोटा. बांधाचं भांडण असो की घरातली चोरी, तिथे विषय मिटतो. पोस्टवरचे आम्ही सगळे त्याच मातीतले. साहेबांनाही ते पटलं. मी पुडी उघडली. बेलाच्या पानाचा भुगा झाला होता.

तिन्ही शिपायांनी उचलला. पंपवाला रडला, पण त्यानेही उचलला. मग मी. हळदीचा वास आला, स्टँडवरची आई आठवली. मी म्हणालो, लेकरू माझ्याकडं नव्हतं. आवाज जरासुद्धा हलला नाही. रोज दिवा लावणाऱ्या माणसाचा आवाज अशा वेळी हलत कसा नाही, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

मग अशोकची पाळी आली. तो हात मागे बांधून उभा राहिला.

"साहेब, तुमी इचारा, मी सांगतो. माझ्याकडं नव्हतं."

"मग उचल."

"उचलणार न्हाय साहेब. माझा त्याच्यावर इश्वास न्हाय. उचलला तर तेच खोटं हुईल."

"दरेकर, उचल."

"न्हाय साहेब."

त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. त्याची स्लीपिंग बॅग माझ्या बॅगेला लागून असायची. मी पुडीची घडी घालत राहिलो. साहेब त्याला रागावले नाहीत. चूक कोणाची हे आता सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी शांतपणे हुकूम दिला. शेजारच्या पोस्टवर जाऊन बॅटरी आणायची. दरेकर जाईल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, शिंगाडे, तू संगं जा. नियमाने चौघे जायला हवे होते, पण पोस्ट रिकामी ठेवता येत नव्हती.

०७३० वाजता आम्ही कमरेला रोप, म्हणजे दोघांना जोडणारा दोर, बांधून निघालो. जाताना हवा स्वच्छ होती. ०९१५ला पोहोचलो, चहा घेतला, बॅटरी घेतली. अशोकने ती कोटाच्या आत, पोटाशी बांधली. परतीला मी पुढे, तो मागे. अर्ध्या वाटेत व्हाइट-आउट झालं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना काय सांगू? जमीन नाही, आभाळ नाही, आपली सावलीसुद्धा नाही. मागे रोप दोन हातांवर दिसेनासा होत होता. तो जरा ताणला की समजायचं, अशोक आहे. मला वाटायला लागलं की मी शेळगावात सकाळच्या धुक्यात उसाच्या कडेने चाललोय. कारखान्याचा भोंगा झाला. मळीचा वास आला. मी मनात म्हणालो, पहिली पाळी सुटली, आता घरी जाऊ. पावलं आपोआप पडत होती आणि मला फार बरं वाटत होतं.

११४० वाजता पायाखालचा बर्फ गेला. मी क्रिव्हासमध्ये, बर्फाच्या खोल भेगेत, पडलो. रोपाचा झटका कमरेला बसला आणि मी लोंबकळत राहिलो. आत निळा उजेड होता. दोन्ही भिंती निळ्या, खाली गडद होत गेलेल्या. ते सगळं इतकं देखणं होतं की थोडा वेळ मी घाबरायचंच विसरलो. मग शुद्धीवर आलो आणि खंडोबाच्या नावाने ओरडायला लागलो.

वरून अशोकचा आवाज आला. "देवाला मागनं हाक मार. आदी डावा पाय वर घे. कपार हाय तितं."

कपार होती. मी पाय रोवला. त्याने खाली दुसऱ्या रोपचा फास सोडला. त्यात उजवा पाय घालायचा, थोडं वर यायचं, थांबायचं, परत तसंच. पंचवीस मिनिटं लागली. या पंचवीस मिनिटांत माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण ते लिहायलाच मी बसलोय. मला वाटलं, याला सगळं ठाऊक आहे. याच्या खिशात चाकू आहे. रोप कापला तर कोणी विचारणार नाही, आणि त्याच्यावरचा आळही माझ्याबरोबर खाली जाईल. वर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. त्याच्या मते तर त्याच्याही वर कोणी नव्हतं. आणि तो दर दोन मिनिटांनी ओरडून विचारत होता, "हायस न्हवं?"

मी बाहेर आलो तेव्हा तो बर्फात रोवलेल्या आइस ॲक्सवर पालथा पडलेला होता. रोप त्याच्या कमरेत रुतला होता. गाठ मारायला त्याने वरचे हातमोजे काढले होते आणि ते वाऱ्याने गेले होते. ओठ काळेनिळे पडले होते. त्याने कोटावरून पोट चाचपलं आणि म्हणाला, "लेकरू गरम हाय."

१३२० वाजता आम्ही पोस्टवर आलो. सेट चालू झाला.

"डेल्टा कॉलिंग. कम्युनिकेशन ओके. ओव्हर."

"रॉजर. सुबह से कहाँ थे? ओव्हर."

साहेबांनी अशोककडे एकदा बघितलं. "बॅटरी डाउन थी. ओव्हर."

संध्याकाळी अशोकला खोकला सुरू झाला. रात्रीतून छातीत घरघर आली. आम्ही त्याला हॅपो म्हणतो. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस कोरड्या बर्फावर बुडायला लागतो. खाली नेणं हा खरा इलाज. डॉक्टरांनी रेडिओवरून इंजेक्शन सांगितलं, ऑक्सिजन सांगितला. आम्ही दिलं. हेली, म्हणजे हेलिकॉप्टर, मागितला. हवा खराब होती, उड्डाणं बंद होती. दुसऱ्या दिवशीही बंद होती.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा त्याच्याजवळ बसलो होतो. बाहेर बर्फ इतका हळू पडत होता की तो पडतोय की वर चाललाय ते कळत नव्हतं. अशोकचे डोळे मिटलेले होते. मी पुडी काढली आणि चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावायला गेलो. त्याने डोळे उघडले. माझा हात तिथेच थांबला.

"लाव," तो म्हणाला. "तुला बरं वाटतंय न्हवं?"

मी लावला. मग माझ्याने राहवलं नाही. "अशोक, लेकरू माझ्याकडं हुतं."

"ठावं हाय. भिताडापाशी पडलं हुतं. तू उचलताना मी बघितलं."

"मग बोलला का न्हाईस?"

त्याने पुष्कळ वेळ श्वास गोळा केला. मास्क बाजूला सारला.

"तू सांगशील वाटलं."

त्यानंतर तो फारसा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ११२५ वाजता लान्स नायक अशोक दरेकर गेला. १२४० वाजता आभाळ उघडलं आणि हेली आला.

मी साहेबांना सांगणार होतो. अगदी ठरवलं होतं. पण साहेबच आधी बोलले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "चूक झाली हुती त्याच्याकडनं. पर मर्दानं भरून काढली." मी मान हलवली. सगळ्या नोकरीत माझ्याकडून जे काही वाईट झालं त्यात ही हललेली मान सगळ्यात वर आहे. भंडारा उचलला तेव्हा निदान भेदरलो होतो. मान हलवली तेव्हा भीती कसली नव्हती. फक्त सोपं होतं. पुढे मी हवालदार झालो, सुभेदार होऊन निवृत्त झालो.

अशोकच्या शवपेटीबरोबर कऱ्हाटीला मीच गेलो होतो. सगळा मान झाला, फैरी झाडल्या गेल्या. अशोकच्या वडिलांनी, आबांनी, माझा हात धरून विचारलं, शेवटी काय म्हणाला? मी म्हणालो, तुमची आठवण काढली. तेही खोटं होतं. पुढे आमच्यातला एक शिपाई सुट्टीवर आला. बारामतीत एका लग्नाच्या मांडवात त्याने मोठ्या कौतुकाने हकिकत सांगितली. चूक झाली, भंडारा उचलला नाही, पण जीव देऊन भरपाई केली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. ती गोष्ट कऱ्हाटीत पोहोचली आणि तिथेच राहिली.

मी आजही दिवा लावतो. सोडलेला नाही, सोडणारही नाही. देवळात गेल्यावर मला बरं वाटतं, आणि अशोकला त्यात कधी काही गैर वाटलं नव्हतं. पण धर्म नसेल तर माणूस सरळ राहील का, असं कोणी विचारलं तर मी वादात पडत नाही. काही न मानता सरळ राहिलेला एक माणूस मी पाहिला. सगळं मानून खोटं बोललेला एक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याची दाढी मी रोज सकाळी करतो.

यंदा जानेवारीत कऱ्हाटीच्या शाळेतून फोन आला. प्रजासत्ताक दिनाला भाषण करायचं. विषय त्यांनीच दिला होता. धर्म आणि संस्कार. हेडमास्तर म्हणाले, धर्म नसला की संस्कार उरत नाहीत, एवढं मुलांना ठसवून सांगा, भंडारा नाकारून चुकला पण जीव देऊन सावरला त्या आमच्या गावच्या शहीद जवानाचं उदाहरण द्या. मी हो म्हणालो. आदल्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली आणि बारामतीवरून थेट आबांकडे गेलो.

आबा ज्वारीच्या रानात पाखरं हाकत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. कणसं भरली होती, ऊन कोवळं होतं, वाऱ्याबरोबर सगळं रान हळूहळू डोलत होतं. त्यांनी मला बसायला पोतं सरकवलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, लेकरापासून मान हलवण्यापर्यंत, आणि त्यांची आठवण काढल्याचं खोटं सांगितलं होतं तेही. पाखरं कणसांवर उतरली. आबांनी हाकलली नाहीत.

मग ते म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं मी देवापाशी त्याची माफी मागत हुतो. दर सोमवतीला जेजुरीला जातोय. म्हंतोय, पोरगं तुझा भंडारा नाकारून गेलं, चूक झाकून गेलं, त्याला पदरात घे." ते थांबले. "त्यानं काय केलंच नव्हतं व्हय?"

"न्हाय आबा."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांच्या पायाशी बसलो. मारतील तर बरं, असं वाटत होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझ्या कानात सांगून भागायचं न्हाय, शिंगाडे. ते समद्या गावानं ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. मुलं मैदानात ओळीने बसली, मागे गावकरी उभे राहिले, आबांना पुढे खुर्ची दिली. हेडमास्तरांनी धर्मावर आणि संस्कारांवर चार शब्द सांगून माझ्याकडे माइक दिला. मी म्हणालो, "बॅटरी अशोककडे नव्हती. माझ्याकडे होती. मी भंडारा हातात घेऊन खोटं बोललो. त्याने भंडारा न उचलता खरं सांगितलं आणि आम्ही कोणी ऐकलं नाही." हेडमास्तर माइक घ्यायला उठले.

आबांनी त्यांना हाताने खाली बसवलं. काठी टेकून ते उभे राहिले.

"सुभेदार," ते म्हणाले, "मागं ऐकू गेलं न्हाय. परत सांगा."

मी सावधान उभा राहिलो आणि परत सांगितलं. "लान्स नायक अशोक दरेकर, गाव कऱ्हाटी. बॅटरी त्याच्याकडे नव्हती. विचारल्याबरोबर त्याने खरं सांगितलं होतं."